जसंच्या तसं ठेवलेलं पान

हैफा,
८ जानेवारी १९९५

प्रिय एर्नो,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल आणि रूथकडे सगळे खुशाल असतील अशी आशा आहे. नेतान्याला समुद्राचा वारा फार लागतो असं तुम्ही मागे म्हणाला होतात, तेव्हा छाती सांभाळा. इथे आठवडाभर पाऊस आणि गारठा आहे. अर्पादच्या खोलीतला हीटर मी स्वयंपाकघरात आणून ठेवला आहे. एका माणसाला एक खोली गरम असली की पुरते.

पुस्तकांचं खोकं मंगळवारी पोचलं. पोस्टमन वर चढायला तयार नव्हता, म्हणून खालच्या मजल्यावरची पिरोश्का आणि मी थोडी थोडी करून पुस्तकं वर आणली. पिरोश्काला हल्ली डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण तोंड शाबूत आहे. दर पायरीला म्हणत होती, "अर्पाद जिवंतपणी इतका जड नव्हता."

पुस्तक छान झालं आहे. कागद चांगला आहे, अक्षर मोठं आहे. मुखपृष्ठावर काटेरी तार आहे. अर्पादला ते आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. बहुधा म्हणाला असता, "तार ओळखीची वाटते." त्याने हे पाहायला हवं होतं. फक्त दोन महिने कमी पडले. त्याने हंगेरियनमध्ये लिहिलेलं सगळं हिब्रूत आणण्यासाठी तुम्ही किती खपलात ते मला ठाऊक आहे. तुमच्याशिवाय हे कपाटातच राहिलं असतं. आमच्या तामारला आणि नातवंडांना हंगेरियन वाचता येत नाही. आता त्यांना त्यांच्या आजोबांचं वाचता येईल. हे उपकार मी विसरणार नाही.

कबरीचा दगड तिसाव्या दिवशी बसला. पाऊस होता, म्हणून तुम्ही आला नाहीत हे बरंच झालं. खाली त्याच्या आईवडिलांची नावं आणि भावाचं, फेरीचं, नाव कोरून घेतलं आहे. ज्यांना कबर नाही त्यांची नावं आपले सगळेच लोक असं कुठेतरी कोरून घेतात. फेरीचं नाव शेवटी आलं, धाकटा म्हणून. कारागिराने विचारलं, "सोळाच वर्षं?" मी हो म्हणाले.

आता एक लहानशी गोष्ट. राग मानू नका. माझं हिब्रू तुम्हाला माहीत आहे. इस्पितळात इतकी वर्षं एक्स-रे काढले, त्यामुळे "श्वास घ्या, धरा, सोडा" एवढं पक्कं आहे. त्यामुळे पुस्तक सावकाश वाचते आहे. सुरुवातीलाच असं वाचलं: "निर्दय शिपायाने माझ्या आईच्या बोटातली अंगठी हिसकावून घेतली." अर्पादच्या तोंडून मी हे असं कधी ऐकलं नव्हतं. तो सांगायचा, "आमच्या गावचा शिपाई फार सभ्य. आईची अंगठी निघेना तेव्हा त्याने साबण मागितला. काम झाल्यावर वडी परत केली आणि आभार मानले." मी मूळ कागद काढून पाहिले. तिथे शब्दन् शब्द तसंच आहे. मग हिब्रूत साबण कुठे गेला?

छावणीतल्या सुपाचंही तेच. तुम्ही लिहिलं आहे, "आम्हाला निकृष्ट, पाण्यासारखं सूप मिळत असे." त्याने लिहिलं होतं, "सूप इतकं स्वच्छ, की वाडग्याच्या तळाशी असलेलं कारखान्याचं नाव वाचता यायचं. जेवताना वाचायची सवय मला तिथे लागली." ही सवय त्याला खरोखरच होती. जेवताना वर्तमानपत्र वाचू नकोस म्हणून मी जन्मभर ओरडले, तेव्हा तो हेच सांगायचा.

कदाचित हिब्रूत असं लिहायची पद्धत नसेल. तुम्ही शाळेत इतिहास शिकवलात, तुम्हाला जास्त कळतं. मी नुसतं विचारते आहे.

फेरीच्या आजारपणाच्या पानाबद्दल मात्र मनापासून आभार. ते पान अर्पादने मला कधी वाचून दाखवलं नव्हतं. फेरीबद्दल तो बोलत नसे. तुम्ही त्याच्यासाठी पाव घेऊन जात होता, हे मला पुस्तकातून कळलं. ते वाचताना असं वाटलं की ही वाक्यं अर्पादचीच आहेत, तुम्ही जशीच्या तशी ठेवली आहेत. माझ्यासाठी ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे.

अर्पादच्या इस्पितळातल्या शेवटच्या दिवसांबद्दल तुम्ही विचारलंत. ते पुन्हा कधीतरी लिहीन.

तामार नमस्कार सांगते. शुक्रवारी खसखशीची गोड गुंडाळी केली की अजून जास्तच होते. कोणी नेतान्याकडे येणारं असलं तर पाठवीन.

आपली,
गिझी


हैफा,
५ मार्च १९९५

प्रिय एर्नो,

नमस्कार. तुमचा फोन आला तेव्हा तामार समोर होती, शिवाय फोनवर मला नीट बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणालात, "गिझेला, हे पुस्तक चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात जाणार. त्यांना तिरकस बोलणं कळत नाही. ती म्हणतील, शिपाई सभ्य होता, छावणीत जेवताना वाचन चालायचं! आणि हे सगळं घडलंच नाही असं म्हणणारे लोक टपलेलेच आहेत. त्यांच्या हाती आपणच कोलीत द्यायचं का?" मी त्या वेळी "बरं" म्हणाले. नंतर बाजारात, बसमध्ये, भांडी घासताना त्यावर विचार करत राहिले. तुमचं म्हणणं चुकीचं नाही. तुम्ही मुलांना शिकवलं आहे, मी नाही.

तरीही मला पटत नाही. एकदा तामारने लहानपणी त्याला विचारलं होतं, "बाबा, तुम्ही त्या वाईट लोकांबद्दल इतकं चांगलं का बोलता?" तो म्हणाला, "वाईट शब्द सगळे त्यांनी आमच्यावर खर्च करून टाकले. माझ्या वाट्याला चांगलेच उरले." तामार हसली, मीही हसले. आता वाटतं, ते त्याने खरंच सांगितलं होतं. आणि साबणाची तर गोष्टच वेगळी. साबण काही त्याची कल्पना नव्हे. त्या माणसाने साबण मागितला होता, वडी परत केली होती. "निर्दय" म्हटल्यावर तो माणूस दिसेनासा होतो. असे निर्दय लोक कोणालाही कुठेही कल्पता येतात. साबण मागणारा एकच होता.

मला हे नीट मांडता येत नाही. जाऊ दे.

गेल्या आठवड्यात आपल्या सोल्नोक गावकऱ्यांच्या मंडळाच्या सचिव बाई येऊन गेल्या. शाळांसाठी दुसरी आवृत्ती काढायची आहे, त्यासाठी वारस म्हणून माझी सही हवी आहे. आणि छावण्यांत गेलेल्यांच्या यंदाच्या स्मृतिदिनाच्या संध्याकाळी अर्पादचं पुस्तक वाचायचं ठरलं आहे. बाई फार उत्साहात होत्या. म्हणाल्या, "फेरीचं पान एर्नो बार्ता स्वतः वाचणार. आणि साठ लाख मृतांसाठीच्या सहा मेणबत्त्यांपैकी एक फेरीच्या नावाने, तीही तेच लावणार. ज्याने शेवटपर्यंत पाव पोचवला त्याच्याच हाताने! सभागृहात एक डोळा कोरडा राहायचा नाही, बघा." मी चहा केला. सही पुढच्या वेळी करते म्हणाले, कारण चष्मा सापडत नव्हता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

पिरोश्काला वाचता येत नाही, म्हणून रोज दुपारच्या कॉफीला मी तिला अर्पादचे मूळ कागद वाचून दाखवते. तुम्हाला ती "कवायतमास्तर" म्हणते, हे तुम्हाला माहीतच आहे. ती स्वतः छावणीतून आलेली आहे. अर्पादचं वाचताना ती इतकी हसते की शेजारचे भिंत ठोकतात. साबणाच्या जागी तर डोळे पुसत म्हणाली, "आमचा तर पावती देत होता गं! सही करून!" मी तिला हिब्रू पुस्तकातलं तेच वाक्य वाचून दाखवलं. म्हणाली, "हे कुठल्या नगरपालिकेने लिहिलंय?"

परवा फेरीचं पान आलं. मी वाचलं: "फेरीला आजाऱ्यांच्या बराकीत हलवलं, तिथे पाव निम्माच मिळायचा. माझी रात्रपाळी होती. माझ्या पावातला अर्धा भाग मी रोज एर्नोकडे देत असे. तो फेरीला पोचवायचं काम एर्नोने आपणहून घेतलं, आणि आजाऱ्याच्या पोटाला जड पडू नये याची तो फार काळजी घेत असे." तुमच्या हिब्रूत पान इथे संपतं. मूळ कागदावर संपत नाही. पुढे दोन वाक्यं आहेत. "शेवटच्या रविवारी मला आत सोडलं, तेव्हा फेरीने विचारलं, रात्रपाळीवाल्यांना पाव देणं बंद केलंय का? त्याची इतकी काळजी आयुष्यात कोणी घेतली नव्हती. ती त्याला सोसली नाही."

पिरोश्का सवयीने हसली. मग तिने कप बशीत ठेवला आणि म्हणाली, "थांब. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"ते रविवारचं परत एकदा."

तेही वाचलं. मग ती म्हणाली, "गिझी, तू युद्ध संपेपर्यंत बुडापेश्टलाच होतीस ना?"

"हो."

"म्हणून."

ती पुढे काय बोलली ते इथे लिहीत नाही. तिची जीभ पहिल्यापासून तिखट आहे आणि माणसांबद्दल ती पटकन मत बनवते.

ती दोन वाक्यं छपाईत गळली असावीत. पानाच्या शेवटी होती, तेव्हा असं होऊ शकतं. पुस्तकात इतरही लहानसहान चुका आहेत. दुसऱ्या आवृत्तीत ती घालता येतील का, आणि हिब्रूत ती तुम्ही कशी लिहाल, हे कृपा करून कळवा. मग मी सही करीन.

छातीला शेक घेत जा.

आपली,
गिझी


हैफा,
१९ एप्रिल १९९५

प्रिय एर्नो,

तुमचं पेसाखच्या शुभेच्छांचं कार्ड मिळालं. आभार. आमचा सण साधाच झाला. तामारकडे होते. जेवणात अर्पादची जागा मोकळी ठेवा असं धाकटी नात म्हणाली. ठेवली.

कार्डाच्या मागे तुम्ही लिहिलं आहे: "ती दोन वाक्यं छपाईत गळली असावीत. पानाच्या शेवटी होती, असं होतं. अर्थाला काही बाधा येत नाही, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यात अडकून राहू नये."

हे कारण मी तुम्हाला दिलं होतं, एर्नो. माझ्या पत्रातले शब्दसुद्धा तुम्ही बदलले नाहीत. मी ते लिहिलं तेव्हा मनात म्हणत होते, हे नको म्हणा. मला खडसावा. म्हणा की गिझेला, तुला काय कळतं. म्हणा की फेरी तापात काहीतरी बोलला आणि अर्पादने तुमच्यावर अन्याय केला. यातलं काहीही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. त्या संध्याकाळी मी देवाला मानत नसूनही त्याला सांगितलं की पिरोश्का खोटी ठरू दे.

ती काय म्हणाली ते आता लिहिते. "अगं वेडे, ते पोर विचारतंय की रात्रपाळीला पाव देणं बंद केलंय का! म्हणजे त्याच्यापर्यंत तुकडासुद्धा पोचत नव्हता. भावाने आपल्याला टाकलं, असं समजून गेलं ते."

मी म्हटलं, "मग अर्पादने असं का लिहिलं? काळजी घेत असे म्हणून?"

"मग कसं लिहिणार? सगळ्यांबद्दल जसं लिहिलं तसंच लिहिलं. शिपाई सभ्य, सूप स्वच्छ, आणि एर्नो काळजीवाहू."

मी तिला म्हटलं, एर्नो तसा माणूस नाही. माझ्या लग्नात आमच्या डोक्यावरच्या छताची काठी जवळचा मित्र म्हणून त्याने धरली होती. ती म्हणाली, "मी कुठे म्हणते तो वाईट आहे? मी म्हणते, त्याला भूक लागली होती."

पावाबद्दल मी तुम्हाला काही विचारणार नाही. तुम्ही वीस वर्षांचे होता. मी तिथे नव्हते. मी बुडापेश्टच्या तळघरात होते, तिथे भूक होती पण आई जवळ होती. तुमच्या जागी मी काय केलं असतं हे मला माहीत नाही आणि ते शोधून काढायची माझी इच्छाही नाही. तुम्ही ते पान जसं होतं तसं, सगळ्या वाक्यांसकट ठेवलं असतंत, तरी मी काही बोलले नसते. ते पान मूळ कागदासारखंच हिब्रूत राहिलं असतं आणि ज्याला कळायचं त्याला कळलं असतं.

पण तुम्ही दोन वर्षं बसून, पोट भरलेलं असताना, शांतपणे, पुस्तकातलं प्रत्येक वाक्य सरळ केलंत. सभ्य शिपायाला निर्दय केलंत. स्वच्छ सुपाला पाणचट केलंत. रेल्वेवाल्यांबद्दल, इंजिनिअरबद्दल, गावात राहिलेल्या शेजाऱ्यांबद्दल त्याने जे जे गोड लिहिलं होतं, त्या सगळ्यांचा गोडपणा खरवडून काढलात. मुलांना कळत नाही म्हणालात. आणि साऱ्या पुस्तकात एकच माणूस असा सापडला की ज्याच्याबद्दलचं गोड वाक्य तुम्ही गोडच राहू दिलंत. मी त्याबद्दल तुमचे आभार मानले. ते पत्र तुम्ही उघडून वाचलंत तेव्हा तुमच्या मनात काय आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

इस्पितळाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

तुम्ही आला होता त्या दुपारी डब्यात कोंबडीचं सूप आणलं होतं, रूथने केलेलं. तुम्ही चमचा भरून त्याच्या तोंडापाशी नेलात. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ गिझी, आजाऱ्याचं पोट एर्नोला बरोबर कळतं." आणि तोंड घट्ट मिटलं. तुम्ही हसलात. मीही हसले. तुम्ही गेल्यावर तेच सूप मी भरवलं तर तो प्याला. मी रागावले, म्हटलं, "इतक्या लांबून आला बिचारा, त्याच्या हातून दोन घोट घेतले असतेस तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला, "बिचारा खराच. जन्मभर माझ्याकडे जेवतोय."

हे वाक्य तर घरात नेहमीचंच होतं. तुमच्या ताटात वाढताना तो दर शुक्रवारी काहीतरी बोलायचा. "एर्नोला भरपूर वाढ, त्याने आमच्या घरच्यांची फार काळजी घेतलीय." तामारला गोवर आला होता तेव्हा म्हणाला होता, "एर्नोला बोलवा, पथ्य सांभाळायला." टेबलावर सगळे हसायचे आणि सगळ्यात मोठ्याने तुम्ही. शेवया मी केलेल्या असायच्या. सूप मी केलेलं असायचं. त्या टेबलावर तुम्हा दोघांना माहीत होतं की काय चाललं आहे. मी एकटीच विनोदाला हसत होते.

म्हणून खरं सांगायचं तर माझा राग तुमच्यापेक्षा अर्पादवर जास्त आहे. तो गेल्यापासून मी रोज त्याच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं बसत असे. आता बसत नाही. त्याने हे सगळ्या जगाला सांगायचं ठरवलं होतं, मग मला का नाही सांगितलं? माझ्या हातून तुम्हाला जेवू घातलं. माझ्या हातून तुमच्यासाठी वाढदिवसाचे केक केले. मी त्याची बायको होते, आणि मला त्याने बाहेरच्या माणसासारखं हसवत ठेवलं. त्याचं बोलणं तिरकस असतं हे मला पहिल्या भेटीपासून माहीत होतं. ते कोणाकडे रोखलेलं आहे हे मात्र त्याने मला कधी कळू दिलं नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि त्याच्यासाठी रडायला बसले तर रडूही येत नाही.

त्याने तुम्हाला घरात का ठेवलं, यावर पिरोश्का म्हणते, "शिक्षा म्हणून." मला ते पटत नाही. अर्पादला कोणाला शिक्षा करायला इतकं जेवण लागलं नसतं. मला वाटतं, फेरीला पाहिलेलं जगात दुसरं कोणी उरलंच नव्हतं. तुम्ही त्याला तिसा नदीत पोहायला शिकवलं होतं. तो डावखुरा होता, शिट्टी वाजवायचा, त्याला दुधावरची साय आवडत नसे, हे तुम्हीच तर मला सांगितलंत, एका शुक्रवारी. अर्पाद मान खाली घालून ऐकत होता आणि त्या दिवशी तो काही बोलला नाही. तुम्हाला घराबाहेर काढलं असतं तर फेरीचीही शेवटची आठवण गेली असती. म्हणून त्याने तुम्हाला ठेवून घेतलं. फेरीची आठवण आणि तुमच्यावरचा राग, दोन्ही गोष्टी एका ताटात वाढून घेतल्या.

आणि मग ते पान त्याने तुमच्याच हाती दिलं. हिब्रू लिहिणारे दुसरे लोकही होते. मंडळात दोन जण तयार होते. तो म्हणाला, "नको, एर्नोच करेल." मला तेव्हा वाटलं मैत्री. आता वाटतं, तो तुम्हाला जागा देत होता. सगळं पुस्तक तुमच्या हातात होतं, त्याचा एकेक शब्द तुम्ही बदलू शकत होता. तुमच्याबद्दलचं एवढं एक वाक्य तुम्ही सरळ केलं असतंत की त्याने पुढचं सगळं सोडून दिलं असतं. तो वाट पाहत होता. तुमची पानं टपालाने यायची तेव्हा तो आधी शेवटाकडून वाचायचा, हे मी पाहिलं आहे. फेरीचं पान आलं त्या दिवशी तो गच्चीत जाऊन उभा राहिला. मी विचारलं, "कसं झालंय?" म्हणाला, "एर्नोने फार विश्वासूपणे केलंय."

मी हसले नाही, कारण मला वाटलं तो खरंच सांगतो आहे.

आता पुढच्या आठवड्याचं. दुसऱ्या आवृत्तीवर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. सचिव बाईंना कारण सांगितलेलं नाही. तामारलाही काही सांगितलेलं नाही. तिला तुम्ही एर्नोकाका आहात आणि मी तिचा काका हिरावून घेणार नाही. ते काम माझं नाही.

फेरीचं पान तुम्ही हिब्रूतून वाचणार नाही, ते मी मूळ हंगेरियनमधून वाचणार आहे, असं मी मंडळाला कळवलं आहे. बाई म्हणाल्या, "तुम्ही? स्टेजवर?" मी हो म्हणाले. मी आयुष्यात कधी स्टेजवर बोललेले नाही. मला भाषण करायचं नाही, स्पष्टीकरणही द्यायचं नाही. शेवटच्या दोन वाक्यांसकट पान वाचायचं आणि खाली उतरायचं. सभागृहात निम्मे लोक तिथूनच आलेले असतात. पिरोश्काला जितका वेळ लागला तितकाही त्यांना लागणार नाही.

हे टाळायचं असेल तर एकच मार्ग आहे. तुम्ही या आणि ते पान तुम्हीच वाचा, पण सरळ करून. पुस्तकभर तुम्ही तेच केलंत, तुम्हाला ते चांगलं येतं. "काळजी घेत असे" याच्या जागी जे लिहायला हवं होतं ते म्हणा. कोणत्याही भाषेत म्हणा. लोक काय करतील ते मला माहीत नाही. बरेच जण गप्प बसतील, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे एखादं असं पान आहे. त्यानंतर फेरीची मेणबत्ती तुम्हीच लावा. माझी हरकत नाही. तुमच्याइतकं त्याला ओळखणारं दुसरं कोणीच नाही. तुम्ही आला नाहीत, किंवा येऊन गप्प राहिलात, तर पान मी वाचीन आणि मेणबत्तीही मी लावीन.

फेरीला मी पाहिलेलं नाही. त्याचा फोटोही नाही. तो वाचला असता तर आज साठीच्या पुढे असता, आणि दर शुक्रवारी माझ्याकडे जेवायला आला असता.

फेरीची वहिनी,
गिझेला कार्दोश